पाखरं दाखवा, घरटी झाका

दिवाळी सरली, रब्बीची ज्वारी गुडघ्याला लागली, की आपल्या सांगोला तालुक्यात दोन प्रकारचे पाहुणे यायला लागतात. पहिले आभाळातून येतात. मध्य आशियातल्या गवताळ मुलखातून हजारो मैल उडत आलेले भोवत्या जातीचे शिकारी पक्षी आपल्या माळावर उतरतात. आपण त्यांना घार नाहीतर ससाणा म्हणून मोकळे होतो. दुसरे पाहुणे पुण्याहून, सोलापूरहून, कधी मुंबईहून चारचाकीने येतात. अंगात मातकट कपडे, गळ्यात हातभर लांबीच्या भिंगाचा कॅमेरा. पहाटे पोचतात, बांधाकडेला गाडी लावतात आणि ज्या माळाकडे आपण ढुंकूनही बघत नाही तिकडे तासन्‌तास डोळे लावून बसतात.

शेतीच्या पानात या विषयाचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. गेली काही वर्षे शेतीशाळेला किंवा पीक पाहणीला कोळे, जुनोनी, घेरडी, जवळा भागात गेलो, की कीड-रोगाचे बोलणे संपल्यावर हमखास एक प्रश्न निघतो. ‘‘सायब, ही कॅमेरावाली माणसं आमच्या रानात बघत्यात तरी काय?’’ आणि त्याच्यामागून, थोड्या खालच्या आवाजात, दुसरा. ‘‘एखादं दुर्मिळ पाखरू सापडलं म्हणून नोंद झाली, तर जमीन तर जाणार न्हाई न्हवं?’’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर आजवर कोणी नीट दिलेले नाही, म्हणून हा लेख.

ही भीती हवेतून आलेली नाही. आपल्याच जिल्ह्यात तिचे मूळ आहे. १९७२च्या दुष्काळानंतर उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजच्या माळावर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून काही तुकडे चराईबंद केले होते. गवत वाढले आणि त्या गवतात माळढोक दिसू लागला. माणसाच्या कमरेला लागेल एवढा उंच, जगातल्या सर्वांत जड उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक. सोलापूरचे पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी त्याच्याकडे जगाचे लक्ष वेधले. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या डॉ. असद रहमानी यांनी १९८०च्या दशकात माळढोकाचा जो अभ्यास केला, त्यात नान्नजचा वाटा मोठा होता. आपला दुष्काळी माळ त्या काळात परदेशातल्या पक्षीतज्ज्ञांच्या तोंडी होता.

१९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र किती? सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर आणि नगर या दोन जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात आले. गावे आली, गावठाणे आली, बागायत आली, साखर कारखान्यांचा ऊस आला. कागदावर सगळे अभयारण्य. प्रत्यक्षात माळढोक राहत होता तो थोड्याशा गवतावर. पण खरेदी-विक्री, बिगरशेती, विहीर, रस्ता, काहीही निघाले की ‘अभयारण्य क्षेत्र’ म्हणून कागद अडायचा. त्यात संरक्षणामुळे काळवीट वाढले आणि ते ज्वारी-हरभऱ्यात शिरू लागले. पाखराचा आणि शेतकऱ्याचा काही संबंध नसताना भांडण लागले. अखेर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१२ साली अभयारण्याचे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणले गेले. मधल्या तेहतीस वर्षांत एक पिढी ‘माळढोक म्हणजे कटकट’ असे ऐकत मोठी झाली. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते. देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरले असतील, तेही बहुतेक राजस्थानात. तिथे जैसलमेर जिल्ह्यात २०१९पासून अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचा प्रयोग चालू आहे.

सांगोला त्या अभयारण्यात कधी नव्हता. पण भीतीला तालुक्याची हद्द नसते.

म्हणून आधी स्पष्ट सांगतो. कोणी तुमच्या रानात भोवत्या, खोकड, लांडगा किंवा आणखी काही पाहिले, फोटो काढला, संगणकावर नोंद केली, एवढ्याने सातबारावर एक अक्षरही बदलत नाही. अभयारण्य करायचे तर शासनाला अधिसूचना काढावी लागते, त्या क्षेत्रातल्या लोकांच्या हक्कांची जिल्हाधिकाऱ्यांमार्फत चौकशी करावी लागते. नान्नजच्या वेळी पाखरू जिथे होते त्यापेक्षा कितीतरी मोठी रेघ नकाशावर मारली गेली, ही चूक पाखराची नव्हती आणि बघणाऱ्यांचीही नव्हती. मला तर उलटे वाटते. तेव्हा गावोगावच्या लोकांनी आपापल्या शिवारात कोणते पाखरू कुठे बसते, कुठे बसत नाही, याची नोंद ठेवली असती, तर एवढी मोठी रेघ मारायला कोणाचा हात धजावला नसता. नोंद नसली की नकाशा कार्यालयात बसलेला माणूस काढतो.

आता माळ म्हणजे काय ते बोलू. सातबारावर आपण त्याला पोटखराबा म्हणतो, पडीक म्हणतो. मुरूम, वर बोटभर माती, तिच्यावर कुसळी, पवन्या, मारवेल, मध्येच एखादी बोर नाहीतर हिवर. पाऊस मुळात कमी आणि जो पडतो तोही लहरी. मेंढरे चारायला एवढाच काय तो उपयोग, असा आपला समज. पण त्या कुसळीत चंडोल घरटे करतो, माळटिटवी उघड्यावर अंडी घालते, धाविक नावाचा मातीच्या रंगाचा पक्षी तुरुतुरु पळत किडे वेचतो, पखुर्ड्या सकाळी थव्याने पाण्यावर येतात. धाविक तर पायापाशी येईपर्यंत दिसत नाही. दगड चालू लागला असे वाटते.

हे पक्षी झाडाचे नाहीत. त्यांना मोकळे लागते. आपल्याकडे मात्र माळ दिसला की तिथे खड्डे घेऊन झाडे लावायची, असा एक सरकारी आणि सामाजिक उत्साह असतो. गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावायची, फलक लावायचा, फोटो काढायचा. निम्मी झाडे उन्हाळ्यात वाळतात ते सोडा, पण जी जगतात तीही माळाच्या पाखराला उपयोगी नाहीत. शिकारी पक्षी झाडावर बसून घरट्यावर नजर ठेवतो आणि माळटिटवीची अंडी जातात. झाडे लावू नका असे मी म्हणत नाही. बांधावर लावा, ओढ्याकाठी लावा, गावठाणात लावा. गवत हे गवत म्हणून राहू द्या. मेंढपाळालाही तेच हवे आहे.

आमच्या खात्याचाही यात हात आहे, तो लपवत नाही. १९९० साली रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवड योजना आली आणि सांगोल्याच्या मुरमाड माळावर डाळिंब उभे राहिले. ज्या जमिनीत कुसळीशिवाय काही येत नव्हते तिथे गणेश आणि भगवा आला, पोरे शिकली, घरे स्लॅबची झाली. मग तेल्या आला, २००५ साली सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभे राहिले, आणि अलीकडे खोडाला भोके पाडणाऱ्या किडीने अनेकांच्या बागा काढायला लावल्या. डाळिंबाने तालुका तारला याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जो माळ अजून शिल्लक आहे तोही जेसीबी लावून सपाट करायचा, मुरूम विकायचा आणि मग पाण्यासाठी सातशे फूट बोअर मारायचे, याला शेतीचे शहाणपण म्हणता येत नाही.

२०२३ साली ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ नावाचा अहवाल आला. देशातल्या तीस हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांनी केलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर तो उभा आहे. म्हणजे बघणारे बहुतेक तुमच्याआमच्यासारखे. कोणी शिक्षक, कोणी बँकेतला कारकून, कोणी विद्यार्थी. त्यांनी सकाळी पंधरा मिनिटे बघितले आणि किती पाखरे दिसली ते मोबाइलवरून ‘ईबर्ड’वर टाकले. त्यातून निघाले ते असे, की मोर वाढतो आहे आणि मोकळ्या रानातली पाखरे घटत आहेत. तारेवर बसणारा आणि उडाला की निळाजांभळा पंख दाखवणारा चास, म्हणजे नीलपंख, आपण रोज बघतो असे आपल्याला वाटते. तो सुद्धा मोठ्या प्रमाणात कमी झाल्याचे या नोंदी सांगतात. मोर वाढला हे तर सांगायला अहवाल नको. भुईमूग उकरलेला शेतकरी ते आधीच सांगून बसला आहे! पण चास कमी झाल्याचे आपल्यापैकी कोणाच्या लक्षात आले होते? नुकसान करणारे पाखरू डोळ्यांत भरते, फायदा करणारे गेले तरी कळत नाही.

फायद्याचे बोलायचे तर हे माझ्या रोजच्या कामाचे आहे. हरभऱ्यावर घाटे अळी आली की आम्ही शेतात पक्षीथांबे लावायला सांगतो. इंग्रजी टी अक्षरासारख्या काठ्या, एकरी वीसएक पुरतात. किंवा पेरतानाच हरभऱ्यात मूठमूठ ज्वारी टाकावी, तिची ताटे वर येतात आणि आयते थांबे होतात. त्यावर कोतवाल बसतो, वेडा राघू बसतो, साळुंकी बसते, चास बसतो, आणि अळ्या उचलतो. शेतकरी काठ्या लावतात, कारण खर्च नाही. पण त्या काठीवर कोण बसले, कोणी किती वेळा खाली झेप घेतली, हे बघायला कोणी थांबत नाही. मेडशिंगीकडच्या एका शेतकऱ्याच्या शाळकरी मुलीने सुट्टीत बांधावर बसून एक सकाळ मोजले. एका कोतवालाने तासाभरात चाळीसवर झेपा टाकल्या, असे तिने वहीत लिहिले. त्यातल्या किती झेपांत अळी सापडली ते तिला सांगता येईना. पण तिचे वडील त्या दिवसानंतर फवारणीच्या आधी शेतात फेरी मारून अळ्या मोजू लागले, जे मी त्यांना तीन हंगाम सांगत होतो.

भोरडीची गोष्ट तर आणखी मजेची. हुरड्याच्या दिवसांत गुलाबी-काळ्या भोरड्यांचा थवा ज्वारीवर पडला की आपण गोफण घेऊन मचाणावर चढतो. चढावेच लागते, थवा एका सकाळी पट्टी रिकामी करतो. हीच भोरडी उन्हाळ्यात मध्य आशियात जाते. तिकडे चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळ-नाकतोड्यांचा उपद्रव आवरायला लोक तिच्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून देतात, कारण ती दगडांच्या फटीत घरटे करते. तिथे ती पिकाची राखणदार, इथे चोर! आणि इथेही कणसात दूध भरायच्या आधी ती रानातले किडेच वेचत असते. भोरडी हाकलू नका असे सांगितले तर शेतकरी मला हाकलतील. पण हाकलणे वेगळे आणि विष घालणे वेगळे. भोवत्यांचेही तसेच, आपल्याकडच्या मुक्कामात नाकतोडे हे त्यांचे मोठे खाणे. गव्हाणी घुबड आणि पिंगळा रात्रभर उंदीर मारतात. आपण मात्र घराच्या वळचणीला घुबड बसले की अशुभ म्हणून काठी घेतो आणि दुसऱ्या दिवशी उंदराचे औषध आणायला कृषी सेवा केंद्रात जातो. तो औषध खाल्लेला अर्धमेला उंदीर घुबडाने खाल्ला की तेही मरू शकते.

तेव्हा माझे म्हणणे असे, की पाखरे बघण्याचे काम पुण्याच्या पाहुण्यांवर सोडू नये. ते वर्षातून दोन दिवस येतात. आपण तीनशे पासष्ट दिवस रानात असतो. राखणीला बसलेला माणूस, मेंढरांमागे फिरणारा धनगर, पहाटे मोटार चालू करायला गेलेला गडी, यांना जेवढे दिसते तेवढे कोणत्याही कॅमेऱ्याला दिसत नाही. मारुती चितमपल्ली आपल्या सोलापूरचे. १९३२ साली इथेच जन्मले आणि १८ जून २०२५ रोजी इथेच गेले. वन खात्यात आयुष्य काढून त्यांनी पाखरांची, झाडांची शेकडो नावे गोळा केली, ती रानात राहणाऱ्या माणसांच्या तोंडून. आपल्या शेजारच्या आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर रानात वही आणि रेखाटनाचे कागद घेऊन बसत. त्यांच्याजवळ कुठे लाखाचा कॅमेरा होता? आज साध्या मोबाइलमध्येसुद्धा बसलेले पाखरू ओळखण्याइतके टिपता येते. फोटो सुंदर यायची गरज नाही. तारीख, वेळ, शिवाराचे नाव आणि पाखरू काय करत होते एवढे लिहिले तरी पुष्कळ.

आता कॅमेरावाल्यांना दोन शब्द. हे पान तेही वाचतात.

माळ मोकळा दिसतो म्हणून तो रस्ता नाही. भोवत्याच्या मागे गाडी पळवून उडतानाचा फोटो मिळतो, हे मला माहीत आहे. पण त्याच चाकाखाली चंडोलाचे घरटे गेलेले तुम्हाला दिसत नाही, कारण ते खुराच्या खड्ड्याएवढे असते. भोवत्या रात्री झाडावर नाही, गवतात जमिनीवर झोपतात. संध्याकाळी ते उतरायच्या जागी तुम्ही आठ-दहा माणसे उभी राहिलात तर एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला रात्री जागा शोधत फिरावे लागते. मोबाइलवर पाखराचा आवाज वाजवून नराला समोर बोलवायची युक्ती आता सर्रास चालते. विणीच्या दिवसांत तो बिचारा अंडी सोडून भांडायला येतो. रात्री घुबडाच्या डोळ्यांवर बॅटरी मारणे, खोकडाच्या बिळासमोर कोंबडीचे तुकडे टाकणे, ड्रोन उडवणे, ही सगळी त्याच जातीची कामे.

आणि घरटे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. त्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणेही येते, हे किती जणांना ठाऊक आहे? बंदूक लागत नाही, भिंगानेही शिकार होते. एका गावात मी पाहिले. माळटिटवीची चार अंडी सापडली म्हणून कोणी तरी फोटोसाठी आजूबाजूचे गवत उपटून जागा साफ केली होती. नंतर येणाऱ्यांना सापडावी म्हणून भोवती दगडांचे रिंगण करून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी रिंगण होते, अंडी नव्हती. कावळ्यालाही रिंगण दिसते. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस भरपूर, असे आपले जुने लोक सांगत. अंदाज खरा-खोटा काहीही असो, ती अंडी बघून लांबूनच परत यायची रीत त्यात होती.

लांडग्याचे तर विचारूच नका. देशात तीन हजारांच्या आसपास लांडगे उरले असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वाघांपेक्षाही कमी. आपल्याकडे थंडीत त्यांची पिल्ले होतात. बिळाचा फोटो कोणी तरी जागेच्या नावासह मोबाइलवर टाकतो आणि रविवारी तिथे सहा गाड्या उभ्या. मादी पिल्ले तोंडात धरून दुसरीकडे हलवते, बऱ्याचदा वस्तीच्या जवळ, आणि मग कळपात घुसण्याचे प्रमाण वाढते. फोटो काढून तुम्ही पुण्याला जाता, मेंढरू धनगराचे जाते. म्हणून ठिकाणाचे नाव टाकायचेच असेल तर तालुक्याचे टाका. सांगोला तालुका, बस्स. रानाच्या मालकाला विचारून आत जा. वन विभागाच्या हद्दीत जायचे तर त्यांची परवानगी घ्या.

मग गावाला यातून चार पैसे मिळतील का? मिळू शकतील, पण फार मोठी स्वप्ने मी दाखवणार नाही. उजनीच्या पाण्याकाठी भिगवण, कुंभारगावला हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला माणसे लोटतात. तिथल्या मासेमारी करणाऱ्या कुटुंबांनी होड्या फिरवून, जेवण घालून चांगला जोडधंदा उभा केला. ज्या धरणाने गावे बुडवली त्याच पाण्यावर. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला चिंकारा आणि गवताळ रान दाखवायला पुणे वन विभागाने सफारी सुरू केली. तिथेही गावातली पोरे वाटाडे म्हणून काम करतात. पण भिगवणला हजारो रोहित एका जागी उभे असतात, आपल्याकडे धाविक शोधायला दोन तास लागतात. इथे जत्रा भरणार नाही आणि भरूही नये. दहा-वीस गंभीर माणसे येतील, त्यांना वाटाड्या लागेल, सकाळची भाकरी-पिठले लागेल, मुक्कामाला एक खोली लागेल. बुद्धेहाळ तलावाच्या बाजूच्या गावांना हे जमण्यासारखे आहे. वाटाड्या म्हणून मेंढपाळाला घ्या, त्याचा दर ग्रामसभेत ठरवा, आणि त्याचा शब्द शेवटचा माना. तो ‘‘हितनं म्होरं न्हाई’’ म्हणाला की गाडी थांबली पाहिजे. विणीच्या काळात, म्हणजे उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत, माळ बंद ठेवायचा ठरावही त्याच सभेत करता येईल.

मेंढपाळ बंधूंसाठी कॅमेऱ्याचा आणखी एक उपयोग सांगतो. लांडग्याने मेंढरू मारले तर शासनाची भरपाई आहे, पण बरेच जण ती मागतच नाहीत. कारण ‘पुरावा काय?’ असे विचारले की बोलती बंद होते. मेलेले जनावर हलवू नका. जागेवरच मोबाइलने चारही बाजूंनी फोटो काढा, जखमेचे, आजूबाजूच्या पायठशांचे, ठशाशेजारी काडेपेटी ठेवून. दोन दिवसांच्या आत वनरक्षकाला किंवा वन कार्यालयाला कळवा. वन विभागाचा १९२६ हा क्रमांकही आहे. पंचनामा झाला की पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला जोडावा लागतो. भरपाई उशिरा येते ही तक्रार रास्त आहे आणि ती वन खात्याने ऐकली पाहिजे. मेंढरू गेल्यावर धनगराने वर्षभर खेटे घालायचे आणि वर लांडगा वाचवा म्हणून फलकही वाचायचे, हे फार दिवस चालणार नाही.

राज्य शासनाने २०२० साली ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला. ५ तारखेला चितमपल्ली यांचा वाढदिवस, १२ तारखेला डॉ. सलीम अली यांचा. शाळांत भाषणे होतात, रांगोळी होते. त्याऐवजी आठही दिवस पोरांना सकाळी साडेसहाला गावाच्या माळावर न्यावे आणि मोजायला लावावे. पाखरांची नावे येत नसतील तर गावातल्या म्हाताऱ्या मेंढक्याला बरोबर घ्यावे. दरवर्षी तीच वाट, तोच वेळ, तीच वही. पाच वर्षांनी त्या वहीला जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावरही किंमत येईल.

जाता जाता दोन कामे, खास आपल्या तालुक्यातल्या बागाईतदारांसाठी. शेततळ्याचा प्लॅस्टिक कागद गुळगुळीत असतो. पाणी प्यायला उतरलेले खोकड, ससा, कधी लांडगा, कधी पाखरांची पिल्ले त्यात पडली की वर येता येत नाही. चारही बाजूंना काठावर खुंटी ठोकून जाड काथ्याचा गाठी मारलेला दोर किंवा पोत्याची पट्टी पाण्यात लांबवर सोडून ठेवावी. माणूस पडला तरी तीच उपयोगी पडते. आणि डाळिंबावर पाखरांसाठी जाळी टाकत असाल तर ती सैल लोंबकळत ठेवू नये, ताणून बांधावी आणि सकाळ-संध्याकाळ फेरी मारताना बघून घ्यावी. अडकलेले पाखरू ओढून काढले तर त्याचा पंख निखळतो. फडक्यात धरून कात्रीने धागा कापावा. साप अडकला असेल तर हात लावू नका, सर्पमित्राला नाहीतर वन विभागाला फोन करा.